कवळीचं मऊ अस्तर कडेने सुटतंय, पुन्हा तेच लावावं की प्रकार बदलावा?

नमस्कार मंडळी,

आईची खालची कवळी सैल झाली म्हणून इथे सोलापुरातच तिला आतून सिलिकॉनचं मऊ अस्तर लावून घेतलं. हाड झिजून तिची खालची हिरडी जवळजवळ सपाट झाली आहे, त्यामुळे नुसती कवळी फार टोचायची. अस्तर लागलं आणि ती पुन्हा नीट जेवायला लागली. पण काही महिन्यांतच जिभेकडची कड सुटली. त्या फटीत शेंगाचटणीचा कूट जाऊन बसतो, ब्रशने निघत नाही, वास मारतो. त्यामुळे चटणी-भाकरीच बंद झाली आहे, आणि सोलापूरच्या माणसाला ती बंद करायला सांगणं जिवावर येतं.

उजेडात धरून कड नखाने उचलली, तर अस्तर अखंड वर येतं. खालचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक चकचकीत, त्यावर अस्तराचा कणही नाही. म्हणजे अस्तर फाटलेलं नाही, त्याने पकडच घेतलेली नाही, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात, पुन्हा तेच लावू. पण पुन्हा सुटलं तर? शेजारचे म्हणतात, झटपट गोंदाने चिकटवा. चालेल का? जाणकारांनी कृपया सांगा, आईचे हाल बघवत नाहीत.

प्रतिसाद

दातांच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून लिहितो. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अस्तराचे तुकडे कवळीला चिकटून राहिले असते, तर अस्तरच कमजोर म्हटलं असतं. स्वच्छ सुटलं म्हणजे जोड सुटला. सिलिकॉन आणि अ‍ॅक्रिलिक आपण होऊन जुळत नाहीत, मधे प्रायमर, म्हणजे दोन्हींना जोडणारा द्रव, लागतो. त्याआधी आतला भाग घासून ताजा करावा लागतो, तो कोरडा हवा आणि लाळेचा अंश नको. खालचा भाग चकचकीत दिसतोय, म्हणजे घासणं कमी पडलं असावं. कडेला अस्तर पातळ होत संपवलं तरी ते तिथूनच उलटतं. कवळीत छोटी पायरी कापून तिथे जाड कड थांबवायची असते.

अ‍ॅक्रिलिकचं मऊ अस्तर कवळीच्याच जातीचं, म्हणून चांगलं धरतं. पण त्यातला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू निघून जातो आणि ते कडक होतं. आईंची हिरडी पाहता मी लॅबमध्ये उष्णता देऊन पक्कं केलेलं सिलिकॉन सुचवेन, ते साधारणपणे जास्त टिकतं. कवळी मात्र लॅबमध्ये ठेवावी लागेल. आधी तिची जाडी तपासून घ्या. अस्तराला सुमारे दोन मिलिमीटर जागा करताना पातळ कवळी तडकू शकते.

गोंद अजिबात नको. तो कडक होऊन हिरडी सोलेल आणि पुढच्या जोडाची जागाही खराब करेल. तोवर रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाणी आणि ब्लीच टाळा. फटीत बुरशी वाढते, हिरडी लाल दिसली तर लगेच दाखवा.