क्वाटी, फिपेन्स, बिट, मॅक : जमैकातली जुनी चिल्लर

प्रश्न :
जमैकाच्या जुन्या बाजारांवरच्या एका मजकुराचं भाषांतर करतेय. त्यात मधेमधे क्वाटी, फिपेन्स, बिट, मॅक असे शब्द येतात आणि अर्थ कुठेच दिलेला नाही. फिपेन्स म्हणजे पाच पेन्स धरले तर भाजीवालीच्या हिशेबाची बेरीज दरवेळी जास्त येते. हे काय प्रकरण आहे? आणि क्वाटीला पावली म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद :
ताई, शब्द पाच पेन्सांवरूनच आलाय पण नाणं तीन पेन्सांचं आहे, म्हणून बेरीज जुळत नाहीये. तीन धरून करून बघा.

आता असं का, तर जमैका १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून घेतलं खरं पण बाजारात चांदी स्पेनचीच फिरत राहिली, आठ रियालचा तो मोठा डॉलर आणि त्याची लहान नाणी. इंग्लंडहून नाणी फारशी यायचीच नाहीत. आली ती चांदी बेटावरून बाहेर जाऊ नये म्हणून वसाहतींनी तिचा भाव कागदावर चढवून ठेवला. लंडनच्या हिशेबात साडेचार शिलिंगचा डॉलर, त्याला सहा शिलिंगच्या वर भाव द्यायचा नाही असं इंग्लंडच्या राणी ॲनने १७०४ मध्ये जाहीर केलं, तरी जमैकात तो ६ शिलिंग ८ पेन्सनेच चालला. म्हणजे एकाच बेटावर दोन हिशेब, एक लंडनचा स्टर्लिंग आणि एक बेटावरचा 'करन्सी', आणि दोन्हीतल्या शिलिंग-पेन्सची नावं तीच! शेवटी शेवटी करन्सीचे पाच म्हणजे स्टर्लिंगचे तीन असा दर होता. १८४० च्या सुमारास कायद्याने करन्सीचा हिशेब बंद झाला, सगळं स्टर्लिंगमध्ये आलं. पण लोक कशाला शब्द बदलतील, तीन पेन्सांचं नाणं हातात घेऊन ते फिपेन्सच म्हणत राहिले. आपल्याकडे १९५७ ला आणे गेले तरी २५ पैशांना चार आणे म्हणायचो तसंच.

बिटचं पण तेच. जुना करन्सीतला साडेसात पेन्सांचा बिट स्टर्लिंगमध्ये झाला साडेचार पेन्स. साडेचारचं नाणं नव्हतं, पण तीन क्वाटी म्हणजे एक बिट. मॅक म्हणजे शिलिंग, बारा पेन्सांचा.

प्रतिसाद :
आणि क्वाटी? क्वार्टर वरून का?

प्रतिसाद :
हो, सिक्सपेन्स म्हणजे सहा पेन्सांच्या नाण्याचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड पेन्स. माझं सगळ्यात आवडतं नाणं हेच, कारण त्याच्यात माणसं दिसतात. १८३४ पासून हे चांदीचं दीड पेन्स ब्रिटनने वसाहतींसाठी पाडलं, जेमतेम १२ मिलिमीटरचं, करंगळीच्या नखावर मावेल एवढं, एका बाजूला चौथा विल्यम आणि दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत १½ आणि वर मुकुट. त्याच वर्षी १ ऑगस्टला गुलामगिरी संपवणारा कायदा लागू झाला, आणि १८३८ ला लोक खरे मोकळे झाले, रोजाने मजुरी घ्यायला लागले. मग चिल्लर किती लागत असेल बघा. या मोकळ्या झालेल्या मंडळींना चर्चच्या थाळीत तांबं टाकणं योग्य वाटायचं नाही, देवापुढे चांदीच ठेवायची, आणि परवडणारी सगळ्यात छोटी चांदी म्हणजे हे नाणं, म्हणून त्याला ख्रिश्चन क्वाटी असंच नाव पडलं. तांब्याबद्दलची ही नावड सरकारलाही मोडता आली नाही. १८६९ ला जमैकासाठी पहिल्यांदा खास वेगळी पेनी आणि अर्धी पेनी काढली ती निकेल मिसळलेल्या पांढऱ्या धातूची.

आणि पैसा हाताळणं या लोकांना स्वातंत्र्यानंतर शिकावं लागलं असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. गुलामगिरीतसुद्धा ते आपल्या वाट्याच्या तुकड्यावर कंद-भाजी पिकवून रविवारच्या बाजारात विकायचे, आणि १७७४ मध्ये एडवर्ड लाँग नावाच्या मळेवाल्याचा अंदाज असा की बेटावरच्या लहान चांदीतला एक पंचमांश यांच्याच हातात आहे. स्वतःच्या शरीरावर हक्क नसलेल्या माणसांकडे बेटाची चिल्लर होती! हे शब्द टिकले ते त्यांच्याच तोंडी, मळ्याच्या वह्यांमुळे नाही.

प्रतिसाद :
आपले गिरमिटे, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तिकडे गेले त्यांना काय मिळायचं मग?

प्रतिसाद :
ते १८४५ पासून गेले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. पुरुषाला दिवसाचा एक शिलिंग आणि बाईला नऊ पेन्स ठरलेले. म्हणजे पुरुषाला एक मॅक, बाईला दोन बिट. फरक केवढा, तर दोन क्वाटीचा.

प्रतिसाद :
ताई, पावलीबद्दल राहिलंच. माझ्या मते नको. पावली रुपयाचा चौथा भाग, वाचकाच्या डोक्यात लगेच रुपया येतो आणि तुमची भाजीवाली उचलून पुण्याच्या मंडईत बसते. क्वाटी, फिपेन्स, बिट तसेच ठेवा, पहिल्यांदा येतील तिथे वाक्यातच किंमत सांगून टाका, 'क्वाटीला, म्हणजे दीड पेन्सला, एवढे मिळायचे' असं. फिपेन्सला मात्र तीन पेन्स हे ठळक सांगा नाहीतर वाचक पण तुमच्यासारखाच अडकेल.

एक म्हण मात्र मराठीत मस्त बसते. जमैकात म्हणतात, क्वाटीला त्रास विकत घेता येतो पण शंभर पौंडांनीही तो फिटत नाही. आपलं विकतचं दुखणं! ८ सप्टेंबर १९६९ ला तिकडे डॉलर-सेंट आले, शिलिंगचे दहा सेंट झाले, त्या हिशेबात क्वाटी सव्वा सेंटची, तिचं नाणं निघणं शक्यच नव्हतं. म्हण चालू आहे अजून. तुमच्या मजकुरात ती आली तर 'क्वाटी' शब्द काढू नका, शंभर पौंडांसमोर तेवढंच बारीक काहीतरी लागतं.