डॉक्टर नसलेल्यानं मिशन ट्रिपला जाऊन करायचं काय?

‘डॉक्टर-नर्स नसलेल्यांनी परदेशात मेडिकल मिशनला जाणं म्हणजे सेवेच्या नावाखाली सहल, त्यापेक्षा तिकिटाचे पैसे तिथल्या दवाखान्याला पाठवा’ हे म्हणणं निम्मं पटलं. आमच्या कोल्हापूरच्या चर्चमधनं आफ्रिकेतल्या मलावीला गेलेल्या गटातही फोटोपुरते आलेले होतेच, खोटं कशाला बोला. पण आमच्यासारख्यांना तिथं कामच नसतं, हे खरं नाही.

मलावी सरोवराच्या काठानं बिलहार्झिया हा जंतांचा रोग फार. गोगलगायींतून जंताच्या अळ्या पाण्यात येतात आणि पाण्यात उतरलेल्याच्या कातडीतून आत शिरतात. पोरांच्या लघवीतून रक्त जातं. त्यावर औषध प्राझिक्वांटेल, डोस वजनावर. पण शाळाभर पोरं काट्यावर कोण चढवत बसणार? म्हणून उंचीच्या खुणा केलेली काठी असते. पोरगं टेकवून उभं करायचं. डोकं ९४ ते ११० सेंटिमीटरच्या पट्ट्यात आलं तर ६०० मिलिग्रॅमची एक गोळी, १२५ ते १३८ला दोन. माझं काम ते. टाचा उचलणाऱ्यांना खाली दाबायचं (मोठं दिसायची हौस तिकडंही तीच), आणि काही खाल्लंय का विचारायचं, उपाशीपोटी मळमळतं म्हणून. विचारायचं चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, त्यामुळं शेजारी गावची आरोग्यसेविका लागायचीच.

गोळीनं पुन्हा लागण व्हायची थांबत नाही. पोरं परत त्याच पाण्यात. म्हणून गोळ्या परत द्यायच्या, आणि पुढच्या खेपेला काठी धरायची त्या आरोग्यसेविकेनंच. पैसे तिच्या पगाराला लागणार असतील तर माझा काही वाद नाही.