अलास्का एअरलाइन्स : रस्ते नसलेल्या मुलखातली कंपनी टिकली कशी?

नांदेडी_ढग

उडान योजनेची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुटली, त्यात नांदेड–हैदराबाद होतं. ते चालवणारी ट्रूजेट पुढे बंद पडली. छोट्या गावांची विमानसेवा म्हटलं की आपल्याकडे हेच चित्र डोळ्यांपुढे येतं : उद्घाटन, हार, दोन-तीन वर्षं, मग कुलूप.

अलास्का एअरलाइन्सची सुरुवात मात्र अशाच विरळ वस्तीतून झाली आणि आज ती अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत मोजली जाते. जाणकारांना तीन प्रश्न :

१. चार-दोन हजार वस्तीच्या गावाला जेट विमान परवडतं कसं? तिकिटाच्या पैशांत तर भागणार नाही.
२. खडीच्या धावपट्टीवर बोइंगची ७३७ जेट विमानं उतरवायचे म्हणतात. इंजिनात खडी जात नसे?
३. जूनोला, म्हणजे अलास्काच्या राजधानीत, डोंगरांच्या मधोमध, ढगांत कसे उतरतात?

---

गगनबावडा

आधी थोडा इतिहास, कारण उत्तराचा निम्मा भाग त्यात आहे.

१९३२ मध्ये मॅक मॅगी नावाच्या फरच्या व्यापाऱ्याने अँकरेज ते ब्रिस्टल बे अशी तीन प्रवासी बसतील एवढ्या स्टिन्सन विमानाची सेवा सुरू केली. १९३४ मध्ये ती स्टार एअर सर्व्हिसमध्ये मिसळली. मग आणखी छोट्या कंपन्या विकत घेत १९४४ मध्ये अलास्का एअरलाइन्स हे नाव आलं. अलास्काबाहेरचा मार्ग मात्र १९५१ मध्ये मिळाला : अँकरेज आणि फेअरबँक्सहून सिअ‍ॅटल, पोर्टलंड. तोपर्यंत तग धरायला ही मंडळी जगभर भाड्याने विमानं उडवत. १९४९ मध्ये येमेनी ज्यूंना एडनहून इस्रायलला नेण्याच्या मोहिमेत याच कंपनीची विमानं होती.

१९६८ मध्ये कॉर्डोव्हा एअरलाइन्स आणि अलास्का कोस्टल तिच्यात विलीन झाल्या आणि आग्नेय अलास्काची बेटं-खाड्या हाती आल्या. १९७८ मध्ये अमेरिकेत मार्गांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, तेव्हा ही कंपनी किनाऱ्याने दक्षिणेला पसरली. मुख्यालय कधीच सिअ‍ॅटलजवळ गेलं आहे, तेव्हा नावावर फार जाऊ नका. २०१६ मध्ये व्हर्जिन अमेरिका आणि २०२४ मध्ये हवाईयन घेतली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात : गावांचे मार्ग माल, टपाल आणि अनुदान यांवर चालतात, प्रवासी हा चौथा हिस्सेदार. टपालाबद्दल माळढोक यांनी लिहावं, त्यांचा विषय आहे.

---

माळढोक

लिहितो. 'बायपास मेल' ही व्यवस्था फक्त अलास्कात आहे. खेड्यातल्या दुकानदाराला पीठ, दूध, डायपर हवेत. अँकरेज किंवा फेअरबँक्सचा घाऊक व्यापारी ते पॅलेटवर (माल रचायच्या सपाट फळीवर) रचून थेट विमान कंपनीच्या गोदामात पोचवतो. माल टपाल कार्यालयात जातच नाही, पण कागदोपत्री ते टपालच. मागणी किमान १००० पौंडांची, म्हणजे साधारण ४५४ किलोंची लागते. मोठं विमान तो माल बेथेल, नोम, कॉट्झब्यू अशा केंद्रांपर्यंत नेतं आणि तिथून छोट्या कंपन्या खेड्यांत.

व्यापारी पार्सलाचा दर भरतो, विमान कंपनीला टपाल खातं त्याहून जास्त देतं. तूट टपाल खात्याची. यावरून वॉशिंग्टनमध्ये अधूनमधून कुरकुर होते, पण व्यवस्था सुटत नाही, कारण पर्यायी रस्ताच नाही. खुबी अशी की २००२ च्या कायद्याने खेड्यांच्या टप्प्यावर प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांना या टपालात झुकतं माप दिलं. टपाल हवं तर माणसंही न्या, असा तो सौदा.

अनुदान वेगळं. 'इसेन्शियल एअर सर्व्हिस' ही छोट्या गावांची विमानसेवा टिकवण्यासाठीची सरकारी योजना १९७८ पासून आहे. अलास्का एअरलाइन्स त्याखाली रँगेल, पीटर्सबर्ग, याकुटॅट, कॉर्डोव्हा आणि पार पश्चिमेचं एडॅक जोडते. कंत्राटाची मुदत संपली की पुन्हा बोली लागते. आपल्या उडानमधली तफावत-भरपाई (खर्च आणि उत्पन्न यांतला फरक भरून देणारं अनुदान) एका मार्गाला तीन वर्षंच मिळते, त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहावं ही अपेक्षा. नांदेडची विमानं भरली की नाही यापेक्षा हा फरक मोठा आहे असं माझं मत.

---

टेलविंड

दुसरा प्रश्न. सगळी ७३७ खडीवर उतरत नाहीत. फक्त ७३७-२०० ला बोइंग 'ग्रॅव्हल किट' देत असे.

पुढच्या चाकांवर मागे वळलेल्या स्कीसारखं मोठं पत्र्याचं ढाल-पातं असतं. चाकांनी उडवलेली खडी पोटाला लागू नये हे त्याचं काम. चाकं आत घेतली की तेच पातं नाकाखाली झाकणासारखं बसतं. मुख्य चाकांनाही लहान पाती असतात. पंखाच्या आतल्या फ्लॅपच्या (उतरताना बाहेर येणाऱ्या मागच्या झडपेच्या) खालच्या बाजूला फायबरग्लासचा जादा थर, पंख आणि पोटाखाली घासाला टिकणारा रंग, चाकांच्या कोनाड्यात हायड्रॉलिक नळ्यांवर आवरण, पोटाखालचे अँटेना मजबूत केलेले आणि लाल दिवा आत ओढता येणारा.

आता इंजिन. खरा धोका चाकांनी उडणाऱ्या खडीपेक्षा भोवऱ्याचा. जमिनीजवळ इंजिन जोरात हवा ओढू लागलं की जमिनीपासून तोंडापर्यंत हवेचा बारीक भोवरा उभा राहतो आणि खडे वर उचलतो. म्हणून इंजिनाच्या खालच्या ओठातून पुढे एक नळी काढलेली असते. इंजिनाचीच दाबाची हवा त्या नळीच्या टोकाच्या भोकांतून खाली फुंकली जाते आणि भोवरा बनण्याआधीच मोडतो. उड्डाण-उतरण्याच्या वेळी ही हवा चालू ठेवायची, एरवी बंद, नाहीतर इंजिनाची ताकद फुकट जाते.

यंत्र बसवलं म्हणजे झालं नाही. टायरमधली हवा कमी ठेवायची. जागेवर उभं राहून इंजिन पूर्ण जोरात न्यायचं नाही, विमान सरकू लागल्यावर जोर वाढवायचा. उतरल्यावर उलटा जोर मर्यादित आणि वेग उतरण्याआधीच बंद, कारण कमी वेगात उलटा फेकलेला झोत खडी थेट इंजिनापुढे आणतो.

७३७-३०० पासून इंजिनं जाड झाली आणि जमिनीच्या इतकी जवळ आली की खालचा भाग चपटा करावा लागला. तिथे हे किट बसतच नाही. त्यामुळे अलास्काने -२०० विमानं २००७ पर्यंत रेटली.

---

कोरडी_विहीर

माल आणि प्रवासी एकाच विमानात असायचे ना? ते आता दिसत नाही.

---

टेलविंड

@कोरडी_विहीर, हो, त्याला कॉम्बी म्हणत. शेवटची पाच ७३७-४०० होती : पुढे चार पॅलेट, मागे ७२ प्रवासी. लोक शेपटीकडच्या जिन्याने चढायचे. माल पुढे ठेवला की जोराच्या ब्रेकमध्ये तो प्रवाशांपासून दूर सरकतो. त्याला अडवायची जबाबदारी कॉकपिटमागच्या जाळीवर येते. या विमानांत माल आणि प्रवासी यांच्यामधली भिंत हलवता येत नसे. उन्हाळ्यात पर्यटक वाढले तरी आसनं ७२ च, आणि माल वाढला तरी पॅलेट चारच. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती निघाली आणि त्यांच्या जागी तीन ७३७-७०० पूर्ण मालवाहू आली.

मालात मासळी मोठी. मे महिन्याच्या मध्यावर कॉर्डोव्हाहून कॉपर नदीचा पहिला सामन सिअ‍ॅटलला येतो, तेव्हा बातम्या होतात. डोकेदुखी बर्फाच्या पाण्याची. पेटी गळली तर खारं पाणी फरशीखाली मुरतं आणि अ‍ॅल्युमिनिअम खातं, म्हणून आत प्लॅस्टिक आणि पाणी शोषणारा थर हवाच.

---

गगनबावडा

तिसरा प्रश्न राहिलाच. जूनोला रस्त्याने जाताच येत नाही, त्यामुळे विमान परत फिरलं की गावाचं सगळं अडतं. आग्नेयेकडून यायचं तर गॅस्टिनो खाडीच्या अरुंद खोबणीतून. जमिनीवरचे रेडिओ किरण सरळ रेषेत जातात, खाडी वळते. त्यामुळे ढग खाली आले की विमानं वरून निघून जायची.

१९९६ मध्ये अलास्काने तिथे आरएनपी (रिक्वायर्ड नेव्हिगेशन परफॉर्मन्स) पद्धत वापरली, विमान कंपन्यांत पहिल्यांदा. जीपीएस आणि जडत्व यंत्रणा (विमानाची हालचाल मोजून जागा काढणारी) मिळून विमानाचा संगणक स्वतःची जागा काढतो, आणि त्यात चूक किती असू शकते हेही. आरएनपी ०.१५ असेल तर ठरलेल्या वक्र वाटेच्या दोन्ही बाजूंना ०.१५ नॉटिकल मैल, म्हणजे साधारण २७८ मीटर. संगणकाने काढलेली संभाव्य चूक त्याबाहेर गेली की इशारा येतो आणि तिथेच उतरणं सोडायचं. एक इंजिन बंद पडलं तर वर चढायची वाटही आधीच आखलेली असते. डोंगरात ही परतीची वाट उतरण्याइतकीच महत्त्वाची.

एक गोष्ट लोक विसरतात : थंडी. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. उणे ३० अंशाला विमानतळापासून १००० फूट उंची दाखवत असेल, तर विमान खरं सुमारे १९० फूट खाली असतं. ही दुरुस्ती केल्याशिवाय डोंगराच्या वाटेला लागायचं नाही.

---

माळढोक

कौतुक चाललंच आहे तर दुसरी बाजूही नोंदवतो. ३१ जानेवारी २००० ला अलास्काचं फ्लाइट २६१, एमडी-८३ जातीचं विमान, कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळलं, ८८ जण गेले. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणाऱ्या स्क्रूवरच्या नटाचे आटे झिजून पूर्ण उतरले होते. कारण वंगण. १९८७ मध्ये दर ५०० तासांना असलेलं वंगण टप्प्याटप्प्याने लांबवत १९९६ पर्यंत आठ महिन्यांवर, म्हणजे सुमारे २५५० तासांवर नेलं होतं. नट-स्क्रूमधली ढील मोजण्याचं अंतरही ९५५० तासांपर्यंत वाढलं होतं. १९९७ च्या तपासणीत ढील ०.०४० इंच, म्हणजे नेमकी मर्यादेवर आली. पुन्हा मोजल्यावर ०.०३३ भरली आणि नट न बदलता विमान सोडलं. त्यानंतर ते ८८८४ तास उडालं, म्हणजे पुढची मोजणी व्हायच्या आतच पडलं. प्रत्येक मुदतवाढ नियमानेच मंजूर होती, हा त्यातला सर्वांत वाईट भाग.

---

नांदेडी_ढग

भरपूर मिळालं, आभार. हे मार्ग प्रवासी म्हणून आजही पाहता येतात का?

---

टेलविंड

येतात. 'मिल्क रन' शोधा : सिअ‍ॅटल–केचिकन–रँगेल–पीटर्सबर्ग–जूनो–अँकरेज. रँगेल–पीटर्सबर्ग हा टप्पा जेमतेम ३१ मैलांचा, चाकं आत जातात न जातात तोच उतरायची तयारी. पुढे जाणाऱ्यांनी मधल्या थांब्यांवर विमानातच बसायचं. उत्तरेकडे जाताना उजवी खिडकी घ्या, मुख्य भूमीचे डोंगर त्या बाजूला. पुढचं विमान त्याच दिवशी ठेवू नका. वाईट हवेत मधला थांबा गाळून विमान थेट पुढच्या गावी जातं.