वनस्पती संस्थेच्या ग्रंथालयासाठी स्कॅनर: तयार यंत्र की कॅमेरा-स्टँड?

देठ:
आमच्या वनस्पती अभ्यास संस्थेचं ग्रंथालय डिजिटल करायचं ठरलंय. ऐवज असा: वार्तापत्राचे बांधीव खंड, त्याचेच पिना मारलेले सुटे अंक, सायक्लोस्टाइल केलेल्या बियाणे-देवाणघेवाणीच्या याद्या, सभासदांचा पत्रव्यवहार, रंगीत चित्रं असलेली काही जुनी पुस्तकं आणि कपाटभर ३५ मिमी स्लाइड्स.

कार्यकारिणीला तयार बुक-स्कॅनर हवाय. तो टेबललॅम्पसारखा उभा राहतो, पान उलटलं की वरून आपोआप फोटो घेतो आणि पानाचा बाक ओळखून सॉफ्टवेअरमध्ये सपाट करतो. माझा याला विरोध आहे.

एक तर यातल्या बऱ्याच यंत्रांचं डोकं पानाकडे तिरकं बघतं, त्यामुळे पानाच्या जवळच्या आणि लांबच्या कडेचं रिझोल्यूशन सारखं येत नाही. दुसरं, सपाट करणं म्हणजे शेवटी अंदाजच. मजकुराला तो चालून जातो. पण पानाच्या रेखाचित्राशेजारी मिलिमीटरची मोजपट्टी छापलेली असेल तर सॉफ्टवेअर चित्रही ताणतं आणि पट्टीही. तिसरं, कंपनीने सॉफ्टवेअरचा पाठिंबा थांबवला की ते यंत्र म्हणजे शोभेची वस्तू.

मला हवंय ते असं: २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, मॅक्रो लेन्स, उभा स्टँड, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे आणि पुस्तक अर्धवटच उघडून ठेवता येईल असा व्ही आकाराचा पाळणा, वर काच. हिशोब सोपा आहे. ६००० × ४००० पिक्सेलमध्ये A4 पान बसवून कडेला जागा सोडली, तरी इंचाला ४०० पिक्सेलच्या वर मिळतात. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाचं पुस्तकं स्कॅन करणारं स्क्राइब यंत्र याच तत्त्वावर चालतं: व्ही पाळणा, दोन कॅमेरे, पायाने वरखाली होणारी काच, आणि पानं उलटायला माणूस. शिवाय एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

टाचणी:
पूर्ण असहमत. तुम्ही यंत्र निवडताय, पण ते चालवणारी माणसं कुठे आहेत या हिशोबात? अशा संस्थांमध्ये काम करतात ते आठवड्यातून एखादी दुपार देणारे स्वयंसेवक. त्यांनी फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सांभाळायचं, आणि दिवा कोणीतरी हलवला की सगळं पहिल्यापासून लावायचं? एक हौशी छायाचित्रकार उत्साहाने सुरुवात करतो, तो सोडून गेला की स्टँडवर कापड पडतं.

आणि तुमचीच यादी वाचा. मोठा हिस्सा सुट्या कागदांचा दिसतोय. त्याला हवा कागद ओढणारा, दोन्ही बाजू एकदम टिपणारा शीट-फेड स्कॅनर. पिना काढा, गठ्ठा ठेवा. दोन पानं चिकटून गेली तर बऱ्याच यंत्रांत अल्ट्रासॉनिक सेन्सर तिथेच थांबवतो. निम्मं काम कॅमेऱ्याचं खोकं उघडायच्या आधी उरकेल.

देठ:
सायक्लोस्टाइलच्या जुन्या कागदाला हात लावलाय का कधी? कडा बोटाशी चुरतात. तो रुळांतून ओढायचा? शिवाय शीट-फेडच्या काचेवर धुळीचा एक कण बसला की पुढच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ. गठ्ठा संपेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

टाचणी:
काच पुसतात हो, मधूनमधून. चुरणारे कागद बाजूला काढा, बाकीचे घाला. ठिसूळ पानांसाठी वेगळा उपाय लागतो म्हणून धडधाकट पानांनाही तोच मंद उपाय लावायचा, हा कुठला न्याय?

कंदमूळ:
दोघांनीही साध्या फ्लॅटबेडला, म्हणजे काचेवर पान पालथं ठेवायच्या स्कॅनरला, वाळीत टाकलेलं दिसतंय. फ्लॅटबेड हळू आहे हे मान्य, पण रंग आणि बारकावे दोन्हींत तो स्थिर असतो. वरच्या गणितात एक गोष्ट सुटली आहे: कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात. स्कॅनर प्रत्येक ठिकाणी तिन्ही मोजतो. त्यामुळे कॅमेऱ्याचे ४०० आणि स्कॅनरचे ४०० एका तागडीत घालू नका.

घेताना मात्र सीसीडी सेन्सरचा घ्या. सीआयएसवाले पातळ आणि हलके असतात, पण काचेपासून पान जरा उचललं गेलं की धूसर दिसतं. बांधीव खंडात शिवणीजवळचे शब्द गेलेच समजा. सीसीडी थोडी खोली सांभाळून घेतो.

वनस्पतींच्या जगात फ्लॅटबेड नवखा नाही. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात तयार झालेल्या हर्बस्कॅनमध्ये A3 फ्लॅटबेड चक्क उलटा टांगला आणि वाळवलेला नमुना खालून उचलून काचेपर्यंत नेला. इंचाला ६०० पिक्सेलने जगभरच्या संग्रहांतले मूळ प्ररूप नमुने (ज्यांच्यावरून वनस्पतीचं शास्त्रीय नाव ठरतं ते) असे टिपले गेले.

देठ:
नमुना सपाट कागदावर असतो, जाड पुस्तक नसतो. खंड फ्लॅटबेडवर पालथा घालून दाबला की शिवण उसवते. पत्रव्यवहाराला फ्लॅटबेड घ्या, माझी ना नाही.

पिवळी_पानं:
यंत्रावरून भांडताय, पण घात सेटिंगमध्ये होतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं होतं की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ च्या जागी ८. कारण जेबिग२ नावाचं कॉम्प्रेशन: दिसायला सारखे तुकडे एकच समजून ते एकाच्या जागी दुसरा चिकटवतं. अक्षर धूसर असतं तर शंका आली असती. इथे चुकीचा आकडा स्वच्छ छापल्यासारखा दिसतो.

आता तुमच्या बियाण्यांच्या याद्या डोळ्यांसमोर आणा. पुसट छपाई, बारीक आकडे, प्रत्येक वाणाला क्रमांक. शीट-फेडवर कृष्णधवल, लहान पीडीएफ असं बटण कोणीतरी दाबणार आणि कोणाच्याही नकळत याद्या बिघडू शकणार. मूळ प्रत ग्रेस्केल किंवा रंगीतच घ्या, टिफमध्ये (बारकावे न गमावणाऱ्या चित्र-फाइलमध्ये) ठेवा. A4 पान इंचाला ६०० पिक्सेलने रंगीत घेतलं तर साधारण १०४ एमबी होतं, म्हणून मजकुराला ३०० ते ४०० पुरे. टेसरॅक्टसारख्या ओसीआरलाही (चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला) साधारण ३०० लागतातच. त्यात लॅटिन नावं तिरप्या अक्षरांत असतात. एक अक्षर चुकलं की ती वनस्पती शोधात सापडत नाही.

अवांतर: एकोणिसाव्या शतकातली भडक हिरव्या कापडी बांधणीची पुस्तकं असतील तर नायट्राइलचे हातमोजे घाला. त्या हिरव्या रंगात आर्सेनिक असू शकतं.

परागकण:
स्लाइड्सचं कोणीच बोलत नाहीये. फ्लॅटबेडच्या खोक्यावर इंचाला ६४०० पिक्सेल छापलेलं असतं, फिल्मवर प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही हाती लागत नाही. कॅमेरा-मॅक्रो बरा, पण त्यात इन्फ्रारेड धूळ-सफाई (इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखून चित्रातून पुसणं) नाही. ती खास फिल्म स्कॅनरमध्ये मिळते आणि बुरशीचे ठिपके पडलेल्या स्लाइड्सना तिचा फार उपयोग होतो. अपवाद कोडॅक्रोम या कोडॅकच्या जुन्या स्लाइड-फिल्मचा: तिथे इन्फ्रारेड नीट आरपार जात नाही आणि चित्राचाच भाग धूळ समजून पुसला जाऊ शकतो. म्हणून आधी चौकटीवरचं नाव बघून गठ्ठे वेगळे करा.

आणि कृपा करून फुलांचे रंग ‘सुधारू’ नका. एजरॅटम किंवा मॉर्निंग ग्लोरीसारखी निळी फुलं रंगीत फिल्मवर गुलाबीकडे झुकतात, कारण ती दूरचा लाल प्रकाश परावर्तित करतात आणि फिल्मला तो दिसतो, आपल्याला दिसत नाही. स्लाइडमध्ये जे आहे तेच टिपा. खरा रंग नोंदीत लिहा.

टाचणी:
एक प्रश्न देठ यांना. कॅमेऱ्याचा सगळा आग्रह रंगीत चित्रांच्या पुस्तकांसाठी ना? बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी बघितली का? २००६ पासून जगातली ग्रंथालयं तिथे हेच काम करताहेत. १७८७ मध्ये सुरू झालेलं कर्टिसचं बोटॅनिकल मॅगझिनसुद्धा तिथे फुकट वाचता येतं. तुमची पुस्तकं आधीच तिथे असतील तर पाळण्याची गरज बरीचशी संपली. कोणाकडेच नसतील ती तुमची वार्तापत्रं आणि याद्या. म्हणजे फिरून सुटे कागदच.

देठ:
मुद्दा वजनदार आहे, शोध घेतो. पण दोन गोष्टी. हाताने रंगवलेली चित्रं प्रत्येक प्रतीत वेगळी असतात, आणि आमच्या प्रतींच्या समासात सभासदांनी कुठे काय सापडलं ते लिहून ठेवलंय. ते कुठल्याही लायब्ररीत नाही. शिवाय बांधीव खंड उरतातच. ते शीट-फेडमध्ये घालायला बांधणी कापावी लागेल, आणि एकच प्रत असलेल्या खंडांना मी कात्री लावू देणार नाही.

कार्यकारिणीला सुचवणार आहे की विक्रेत्याच्या नमुन्याच्या पुस्तकावर भुलू नका. सर्वात जाड खंड, एक गुळगुळीत चित्र आणि साधी स्टीलची पट्टी घेऊन जा. पट्टी पानाच्या चारही कडांना ठेवून टिपा आणि इंचाला पिक्सेल मोजा.

टाचणी:
चालेल. फक्त बटण तुम्ही दाबायचं नाही. पुढे ज्यांना रोज बसायचंय त्यांच्यातल्या कोणाला तरी न्या, आणि तासाभरात किती पानं होतात तेही मोजा.