पोस्टमॉर्टेमला डोळ्यातलं पाणी का काढतात?

म्हापशेकर:
आमच्या बिल्डिंगमधले एक काका फ्लॅटात एकटेच असायचे, दोनतीन दिवस दार उघडलं नाही म्हणून पोलिसांना बोलावलं तर गेलेले. बॉडी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेली. आता पुतण्या सांगतो डोळ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलंय, आणि घरचे भडकलेत की न विचारता डोळे काढले! यावरून मरणाची वेळ कळते म्हणे, खरं काय?

लॅबवाली:
डोळे नाही हो काढत. नेत्रदानाशी याचा काही संबंध नाही. बुबुळाच्या मागे जेलीसारखा द्रव असतो, व्हिट्रियस, एका डोळ्यात साधारण ४ मिली. बाहेरच्या कोपऱ्यातून सुई घालून हळूहळू ओढतात, जोरात ओढलं तर रेटिनाच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) पेशी येऊन आकडे बिघडतात, आणि मग सलाईन भरून डोळा होता तसा करतात, बघणाऱ्याला कळतही नाही.

पणजीचा_दादा:
वेळ कळते हो, त्या पाण्यात पोटॅशियम वाढत जातं ना मेल्यावर, सरळ फॉर्म्युला आहे.

लॅबवाली:
@दादा कुठला फॉर्म्युला? पोटॅशियम १५ आलं समजा. १९६० च्या दशकातल्या स्टर्नरच्या सूत्राने ६८ तास होतात, १९८९ च्या माडेआच्या सूत्राने ४८. वीस तासांचा फरक झाला की नाही? त्यात उकाड्यात पोटॅशियम भराभर चढतं, आणि मे महिन्यातला आपला बंद फ्लॅट म्हणजे काय ते सांगायला नको. वेळेसाठी फार तर अंदाज. खरा उपयोग दुसरीकडे आहे, मेल्यावर रक्तातल्या साखरेचा, सोडियमचा काही भरवसा राहत नाही पण डोळ्यात युरिया, क्रिएटिनिन बरेच दिवस टिकतात, म्हणजे किडनीचं कळतं. दारूचंही तेच, बॉडी कुजायला लागली की जंतू रक्तात स्वतःच अल्कोहोल तयार करतात, डोळा पोटापासून लांब आणि बंद, तिथे ते उशिरा पोचतात. न पिणाऱ्याला उगाच बेवडा ठरवायला नको.

म्हापशेकर:
काका इन्सुलिनवर होते. साखर कमी होऊन गेले असतील तर दिसेल?

लॅबवाली:
नाही, तिथेच गोची आहे. मेल्यावरही पेशी साखर खातच राहतात, त्यामुळे कमी आली तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. जास्त आली, २०० च्या वर, तर मात्र जिवंतपणीच चढलेली होती असं धरतात. सोबत कीटोनही (शरीर चरबी जाळताना तयार होणारी रसायनं) वाढलेले असले तर डायबेटिक कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडून साखर चढते आणि रक्त आम्लधर्मी होतं ते. पुतण्याला सांगा रिपोर्ट आला की हे दोन आकडे आधी बघ.