दिवाळी अंकासाठी स्क्रॅचबोर्ड घरी कसा करायचा? आणि शोनहेर यांची पद्धत

गोदाकाठचा_बोरू
नमस्कार मंडळी. नाशिकच्याच एका दिवाळी अंकातल्या विज्ञानकथेला तीन कृष्णधवल चित्रं हवी आहेत. कथेत कोरड्या ग्रहावरचा एक अजस्र, बिळात राहणारा प्राणी आहे. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी वहीभर आहेत आणि ते बरे उतरतात, पण हा प्राणी काढला की जत्रेतलं रबरी खेळणं दिसतं. अमेरिकी चित्रकार जॉन शोनहेर वन्यजीव आणि विज्ञानकथा दोन्हींची चित्रं करायचे म्हणे. त्यांनी हे कसं जमवलं? आणि स्क्रॅचबोर्ड (पांढऱ्या लेपावर काळी शाई दिलेला बोर्ड, शाई खरवडून पांढऱ्या रेघा काढतात) मेनरोडला मिळाला नाही, तो घरी होतो का? मुदत १० सप्टेंबर.

जुने_अंक
शोनहेर (१९३५–२०१०) न्यूयॉर्कचे. १९५६ मध्ये प्रॅट इन्स्टिट्यूटमधून पदवी आणि पाठोपाठ विज्ञानकथांच्या मासिकांची कामं. 'अ‍ॅनालॉग' मासिकात डिसेंबर १९६३ पासून फ्रँक हर्बर्ट यांची वाळवंटी ग्रहावरची कादंबरी 'ड्यून' क्रमशः आली, तिची चित्रं यांची. १९६५ मध्ये विज्ञानकथाविश्वातला ह्यूगो पुरस्कार. पण त्याच १९६३ मध्ये एका पाळलेल्या रॅकूनवरचं 'रास्कल'ही त्यांनीच चितारलं. म्हणजे आधी राक्षस, मग म्हातारपणी हरणं-घुबडं असा क्रम नाही, दोन्ही कामं एकाच टेबलावर चालू होती. मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचं १९८८ चं कॅल्डेकॉट पदक 'आउल मून'साठी. ते काम शाई आणि जलरंगाचं आहे. त्याला स्क्रॅचबोर्ड म्हणणारे भेटतात, ते चूक.

आता रबरी खेळण्याचं. वही पक्ष्यांची आहे, तिथेच गोम आहे. पक्ष्याचं वजन पिसांखाली झाकलेलं असतं, उघड्या कातडीच्या प्राण्याचं झाकता येत नाही. गोठ्यात जाऊन म्हैस मान वळवते तेव्हा बघा: वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या दाटून येतात, बाहेरची कातडी ताणून चकाकते. नवखा माणूस दोन्हीकडे सारख्याच वळ्या काढतो, आणि तिथंच प्लॅस्टिक होतं. दुसरा नमुना गांडूळ. लांब झालं की बारीक, आखडलं की जाड, आतला ऐवज तेवढाच. तुमच्या प्राण्याचा पुढचा भाग ताणलेला असेल तर मागे कुठेतरी तो फुगलेला दिसायला हवा. वाळूही दाखवा: पुढे ढीग, बाजूला ओघळ, मागे खचलेली चर. आकार कळायला ओळखीच्या मापाची एकच वस्तू पुरे, आणि क्षितिज खाली ठेवा.

शाईदौत
बोर्ड घरी होतो. विकतचा चिनी मातीच्या लेपाचा असतो, आपण खडूवर भागवू.

६ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घ्या. बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं साधं, रंग-वास नसलेलं जिलेटिन १० ग्रॅम, १०० मिली गार पाण्यात तासभर फुगवा, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा. उकळी येऊ देऊ नका, चिकटपणा मरतो. या पाण्याचा नुसता एक हात फळीला दोन्ही बाजूंनी द्या. एकाच बाजूला दिला तर फळी वाकते. उरलेल्यात मलमलीतून गाळलेली खडूची भुकटी हळूहळू सोडा, साधारण दीडपट मापाने, पातळ सायीइतकं होईपर्यंत. घोटू नका. बुडबुडे राहिले की लेपाला टाचणीएवढी भोकं पडतात आणि शाई नेमकी तिथेच साचते.

६ ते ८ हात, एक आडवा, एक उभा. आधीच्या हाताची चकाकी गेली की पुढचा. सगळे एकाच दिवशी. मग दोन दिवस सावलीत, नाशिकच्या पावसाळ्यात चार धरा. वाळल्यावर ३२० आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर, तोंडाला मास्क लावून. वर पाण्याने न जाणारी काळी शाई, मऊ चपट्या ब्रशने दोन पातळ हात. एकाच जागी ब्रश फिरवत बसलात तर खालचा लेप सुटून शाईत मिसळतो आणि काळं राखाडी होतं.

जिलेटिनऐवजी फेव्हिकॉल सुचवणारे भेटतील. तो वाळल्यावरही रबरासारखा राहतो, पातं अडखळतं आणि रेघेच्या कडेला वेटोळी उठतात.

पातं सर्जिकल दुकानातलं ११ नंबर, ३ नंबरच्या मुठीत. कापायचं नाही, फक्त शाई खरवडायची. खडू पात्याची धार लवकर खातो, तेव्हा दोन-चार पाती जास्त आणा. भुसा फुंकरीने उडवू नका, थुंकीचा थेंब पडला की तिथे शाई फुगते. कोरडा मऊ ब्रश वापरा.

गोदाकाठचा_बोरू
धन्यवाद, शाईदौत. छोट्या तुकड्यावर करून पाहिलं, रेघ ओढली की शेजारची शाई खपल्यांनी निघते.

शाईदौत
शाईचा थर जाड झालाय किंवा लेप आतून ओलसर आहे. खपलीची मागची बाजू बघा. काळीच असेल तर शाई जाड, पांढरा खडू चिकटलेला असेल तर ओल. ओल असेल तर तुकडा ६० वॉटच्या जुन्या, तापणाऱ्या तारेच्या पिवळ्या बल्बखाली (एलईडी नको) हातभर अंतरावर रात्रभर ठेवा, उन्हात नको, लेप तडकतो.

छपाईवाला_द्वारका
मूळ चित्र छापायच्या मापाच्या दीडपट करा. मुळातली ०.३ मिमी पांढरी रेघ छापताना ०.२ होते. त्याहून बारीक रेघा अंकाच्या साध्या कागदावर शाई पसरून बुजतात, सुरकुत्यांच्या दाट जागी तर आधी. स्कॅन १२०० डीपीआय (इंचाला १२०० ठिपके), निव्वळ काळं-पांढरं, टिफ फाइलमध्ये. जेपेगने कडांभोवती धुरकट डाग येतात. स्क्रॅचबोर्डचा फायदाच हा की राखाडी छटा रेघांच्या दाटीने येते, फोटो छापताना लागतात तसे जाळीचे ठिपके लागत नाहीत.

जुने_अंक
एक राहिलं, बोरूभाऊ. काम हाती घेण्याआधी संपादकांकडून दोन ओळी लेखी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचे हक्क, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाऊ शकतात. 'या एका अंकात एकदा छापण्यापुरती परवानगी, मूळ चित्र आणि बाकी हक्क चित्रकाराकडे' एवढं ईमेलवर लिहून त्यांचं 'मान्य' आलं की बोर्डाला शाई लावा.