बांधाखाली भिंत घालायची की खेकड्यांची बिळे बुजवायची?

खारेपाटकर: ‘वाशिष्ठीकाठी’ यांनी काल लिहिले की, अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोप्रमाणे आपल्याही नदीबांधांच्या पोटात बेंटोनाइटची, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची, भिंत उतरवली, तर कोकणाची पुराची चिंता मिटेल. चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ रोजी पाणी काठ ओलांडून शिरले. त्याला जमिनीखालची भिंत कशी अडवणार? आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, तर बांधाखाली खाडीची चिकणमातीच आहे. तिच्यातून पाणी सहजी झिरपत नाही. बांध जातो तो उधाण वरून गेल्याने, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराची) झडप निकामी झाल्याने आणि खेकड्यांच्या बिळांनी.

वाशिष्ठीकाठी: चिंता मिटेल, हा शब्द जास्त झाला, एवढे मान्य. मात्र सॅक्रामेंटोत १९८६ आणि १९९७ च्या पुरांनी दाखवले, की बांध पुरेसा उंच असला तरी खालच्या वाळूतून पाणी पलीकडे निघते. म्हणून तेथे खोल चर खणतात, तो ढासळू नये यासाठी बेंटोनाइटच्या राबडीने भरलेला ठेवतात आणि नंतर त्यात माती व बेंटोनाइटचे मिश्रण भरतात. खेकड्यांविषयी बोलायचे, तर २०१९ मध्ये तिवरे धरण फुटले तेव्हा मंत्र्यांनीही त्यांच्यावरच खापर फोडले होते. आपण त्याच पंक्तीला बसलात.

खारेपाटकर: ही तुलना मला अपमानास्पद वाटते. मंत्र्यांनी खेकडा पुढे केला तो जबाबदारी झटकण्यासाठी. आम्ही त्याचे बीळ हाताने बुजवतो. माझे वडील भरतीच्या रात्री कंदील घेऊन बांधावर फिरत. एकदा मनगटाएवढ्या भोकातून पाणी येत होते. त्यांनी पेंढा आणि चिखल कोंबला, पण पहाटेपर्यंत तेथे बैलगाडी जाईल एवढी खांड पडली आणि पुढे तीन वर्षे त्या शेतात भात पिकला नाही. कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोचही मिळाली नाही.

विहीरवाला: माझी विहीर नदीच्या झिरप्यावर जगते. मध्ये भिंत आली, तर उन्हाळ्यात मला टँकर कोण देणार?

निवृत्त अभियंता: विहिरीची शंका रास्त आहे. बांधाच्या पायथ्याशी निघणारे पाणी स्वच्छ असेल, तर लक्ष ठेवावे. गढूळ असेल, तर ते आतली माती घेऊन निघाले आहे, असे समजावे. भिंत वाळूचा थर ओलांडून घट्ट थरात रुतली नाही, तर पाणी तिच्याखालून जाते. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ साली लंडन अव्हेन्यू कालव्याच्या काठी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पत्र्यांखालून ते असेच गेले. त्यामुळे आधी बोअर घेऊन थर पाहावेत.

खारेपाटकर: घ्या बोअर. वाळू निघाली, तर भिंतीच्या नारळाला मी येईन. चिकणमाती निघाली, तर ‘वाशिष्ठीकाठी’ यांनी फावडे घेऊन आमच्या बांधावर यावे.

वाशिष्ठीकाठी: येईन. कंदील आपण आणा.